वाळीत टाकलेला कॅप्टन: आयर्लंडमधल्या नील गावची गोष्ट

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपण सोयीसाठी जिल्हा म्हणू. या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दोन मोठी सरोवरं आहेत, लॉख मास्क आणि लॉख कॉरिब. 'लॉख' म्हणजेच सरोवर. या दोन पाण्यांच्या मधल्या पट्टीजवळ 'द नील' नावाचं एक छोटं गाव आहे. आपल्या निळीशी त्याचा काही संबंध नाही, मूळ आयरिश नावाचं ते इंग्रजी रूप आहे. काँग या गावाहून बॅलिनरोबकडे जाणारा रस्ता नीलमधून जातो. गाडी जरा जोरात असली तर गाव कधी आलं आणि कधी गेलं कळत नाही.

आम्ही गेलो ते काँगहून. काँगला प्रवासी भरपूर येतात, कारण तिथे जुना मठ आहे, किल्ल्याचं झालेलं हॉटेल आहे आणि १९५१ साली 'द क्वाएट मॅन' या गाजलेल्या चित्रपटाचं चित्रण तिथे झालं होतं. नीलला मात्र कुणी थांबत नाही. खरं तर पाहायला तिथेही काही चमत्कारिक गोष्टी आहेत. एका शेतात पायऱ्यापायऱ्यांचा दगडी पिरॅमिड उभा आहे. इजिप्तचा नव्हे, अठराव्या शतकातल्या इथल्या जमीनदार घराण्याने, ब्राउन कुटुंबाने, हौसेखातर बांधलेला. त्याच घराण्याने काही जुन्या कोरीव मूर्ती एका दगडी चौकटीत बसवल्या आणि त्यांना 'नीलचे देव' असं नाव मिळालं. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम वाइल्ड यांचं घर याच भागात होतं, आणि त्यांनी या परिसरातल्या पुराणवस्तूंवर १८६७ साली एक पुस्तकच लिहिलं. कुळं खंड भरतात आणि मालक पिरॅमिड बांधतात. हे तिथे उभं राहिलं की न सांगता समजतं.

काँगजवळचा कालवाही सांगायला हवा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १८४८ साली दोन सरोवरांना जोडणारा कालवा खणायला घेतला. बंधारे झाले, घडीव दगडांच्या भिंती झाल्या. पण इथला खडक चुनखडीचा, चाळणीसारखा सच्छिद्र. पाणी थांबेना. १८५४ साली काम सोडून दिलं. आजही उन्हाळ्यात तुम्ही त्या कालव्याच्या तळातून चालत जाऊ शकता. सरकारी मदतकार्याची अशी कोरडी स्मारकं आपल्याकडेही सापडतात, त्यामुळे आम्हाला ते दृश्य फार परकं वाटलं नाही.

आता ज्या दुष्काळाचा उल्लेख केला, त्याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. १८४५ ते १८४९ या काळात बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने गेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. मेयो हा सर्वांत जास्त मार खाल्लेल्या जिल्ह्यांपैकी एक. १८४१ च्या जनगणनेत तिथे ३,८८,८८७ माणसं होती, १८५१ मध्ये २,७४,४९९. दहा वर्षांत दर दहांमधली तीन माणसं नाहीशी झाली. आणि याच वर्षांत खंड थकला म्हणून कुळांना घराबाहेर काढून छपरं पाडण्याचं कामही चालू होतं. मायकेल डॅविट हा पुढे मोठा झालेला नेता मेयोमधल्याच स्ट्रेड गावचा. १८४६ चा जन्म. तो चार वर्षांचा असताना घर गेलं, कुटुंब लँकेशायरला गेलं, आणि अकराव्या वर्षी तिथल्या कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. १८७९-८० साली नीलच्या आसपास जी माणसं कसत होती, त्यांतल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. 'घर खाली करा' या नोटिशीचा अर्थ त्यांना कोर्टाच्या भाषेतून समजून घ्यायची गरज नव्हती.

लॉख मास्कच्या काठी, बॅलिनरोबपासून काही मैलांवर, लॉख मास्क हाउस नावाचं घर आहे. तिथली जमीन लॉर्ड अर्न या जमीनदाराची. हे साहेब राहायचे लांब, फर्मानाह जिल्ह्यात. त्यांची आयर्लंडभर मिळून ४० हजार एकर जमीन होती. मेयोमधली दोनेक हजार एकर म्हणजे त्यांच्या हिशेबात किरकोळच. तिथला खंड वसूल करायला त्यांनी एक कारभारी नेमला होता. त्याचं नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट.

हा इंग्लंडमधल्या नॉर्फोकचा, पाद्र्याच्या घरातला. जन्म १८३२ चा. काही काळ सैन्यात होता. मग मेयोच्याच किनाऱ्यावरच्या अकिल बेटावर त्याने जवळजवळ वीस वर्षं शेती केली आणि १८७३-७४ च्या सुमारास लॉख मास्कला आला. स्वतःची शेती करायची आणि वर अर्नसाहेबांच्या ३८ कुळांकडून वसुली करायची, असं दुहेरी काम. लोक त्याला 'कॅप्टन' म्हणायचे. तो राक्षस होता का? नव्हता. आम्हाला तरी कागदपत्रांमधून दिसतो तो एक कोता, हट्टी, नियमांवर बोट ठेवणारा माणूस. कुणाची कोंबडी त्याच्या कुंपणात आली, कुणी फाटक उघडं टाकलं, की दंड. जळणासाठी लाकूडफाटा गोळा करायची जुनी मुभा होती, तीही आखडती घेतलेली. आपल्या कोकणात खोत आणि कुळं यांच्यात ज्या कटकटी असायच्या, त्याच जातीच्या या कटकटी. जुलूम बहुतेक वेळा असाच असतो, रोजचा आणि बारीक.

१८७९ साल पावसाने बुडवलं. पीक गेलं, बटाटा पुन्हा सडला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या पोटात पुन्हा गोळा आला. त्याच ऑगस्टमध्ये डॅविटने मेयोत शेतकऱ्यांची लँड लीग उभी केली. ऑक्टोबरमध्ये ती सगळ्या आयर्लंडची झाली आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष झाला. हा पार्नेल स्वतः जमीनदार, प्रोटेस्टंट, आणि तरी कॅथलिक कुळांचा पुढारी. मागण्या तीन: खंड रास्त असावा, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढू नये, आणि कुळाला आपला कसण्याचा हक्क विकता यावा.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस या गावी पार्नेलची सभा झाली. त्याने गर्दीला विचारलं की एखाद्या शेतकऱ्याला हुसकावल्यावर जो दुसरा माणूस ती जमीन घेतो, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, याहून चांगला, अधिक ख्रिस्ती मार्ग आहे. मग त्याने तो सांगितला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याच्याशी बोलू नका. जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसं त्याला ठेवा. इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. पार्नेलच्या डोळ्यांसमोर होता तो कुळांमधलाच फितूर, म्हणजे शेजाऱ्याची जमीन बळकावणारा. मालकाचा किंवा त्याच्या कारभाऱ्याचा उल्लेख त्यात नव्हता. ती पुढची उडी नीलच्या लोकांनी घेतली, आणि तीही चार दिवसांत.

झालं असं. त्या वर्षी अर्नसाहेबांनी खंडात १० टक्के सूट देऊ केली होती. कुळांनी मागितली २५ टक्के. साहेबांनी नकार दिला. बॉयकॉटने ११ कुळांवर बेदखलीचे कागद काढले आणि २२ सप्टेंबरला ते बजावायला बेलीफ निघाला, सोबत १७ पोलीस. तीन घरी बजावणी झाली. चौथं घर होतं मिसेस फिट्झमॉरिस नावाच्या बाईचं. तिने कागद घ्यायचं नाकारलं आणि लाल निशाण फडकावलं. ती खूण होती. आजूबाजूच्या बायका धावत आल्या आणि त्यांनी बेलीफावर आणि पोलिसांवर दगड, चिखल आणि शेणखत यांचा मारा सुरू केला. पुरुषांनी हे केलं असतं तर पोलिसांनी कदाचित बंदुका उचलल्या असत्या. बायकांपुढे ते मागे हटले आणि लॉख मास्क हाउसमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गावातली आणि बॅलिनरोबची माणसं बॉयकॉटच्या घरी गेली आणि त्याच्या गडीमाणसांना म्हणाली, काम सोडा. सगळे निघून गेले. सप्टेंबरचा शेवट म्हणजे कापणी-काढणीचा हंगाम. शेतात बटाटे, सलगम, धान्य उभं. गोठ्यात जनावरं. घरात कॅप्टन, त्याची बायको आणि काही नातलग. लोहाराने नाल ठोकायचं थांबवलं. कपडे धुणारी बाई येईना. बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात, मग खाण्यापिण्याचं सामान दुसरीकडून बोटीने आणावं लागलं. टपाल आणायला भाचा गेला तर त्यालाही वाटेत अडवून सांगण्यात आलं, पुन्हा या रस्त्याने येऊ नकोस. कुणी घर जाळलं नाही. कुणी कॅप्टनला हात लावला नाही. फक्त गावाने त्याच्याकडे पाठ केली.

आपण जरा या गोष्टीपाशी थांबू. खेड्यातला माणूस कितीही मोठा असला तरी तो दहा-बारा माणसांच्या हातांवर उभा असतो. जमीनदाराकडे कायदा असतो, पोलीस असतात, मागे साम्राज्य असतं, पण गायीचं दूध काढायला साम्राज्य येत नाही. ही साधी गोष्ट कुळांना आधीपासून माहीत असणार. फरक इतकाच पडला की ती सगळ्यांनी एकाच दिवशी अमलात आणली.

या सगळ्यात नीलचा कॅथलिक धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली पुढे होता. त्याच्याकडे जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार येऊन राहिला होता. शब्दाची जन्मकथा रेडपाथनेच लिहून ठेवली आहे. दोघं जेवायला बसले होते. रेडपाथचं जेवणात लक्ष नव्हतं, कारण या प्रकाराला नाव काय द्यावं हे त्याला सुचत नव्हतं. इंग्रजीत बहिष्कारासाठी जो शब्द होता तो ग्रीकमधून आलेला, विद्वानांचा. फादर म्हणाला, तो आमच्या शेतकऱ्यांना कळायचा नाही. मग थोडा विचार करून त्याने सुचवलं की सरळ 'बॉयकॉट करणं' म्हणावं. ऑक्टोबरमध्ये तो शब्द अमेरिकेत छापून आला, वर्ष संपायच्या आत लंडनच्या वर्तमानपत्रांनी उचलला, आणि मग फ्रेंच, जर्मन, डच, रशियन असा तो पसरत गेला. विशेषनामाचं क्रियापद होणं भाषेत नवं नाही, पण माणूस जिवंत असताना, काही आठवड्यांत असं होणं दुर्मीळ.

कॅप्टन गप्प बसला नाही. त्याने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, ते १८ ऑक्टोबरला छापून आलं. त्यात लोहाराची, धोबिणीची, दुकानदारांची सगळी तक्रार होती. इंग्लंड हळहळलं. डब्लिन आणि बेलफास्टच्या वर्तमानपत्रांनी मदतनिधी सुरू केला. उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रोटेस्टंट ऑरेंजमन लोकांनी ठरवलं की आपण शेकडोंनी, हत्यारं घेऊन जायचं आणि कॅप्टनचं पीक काढून द्यायचं. आयर्लंडचा कारभार पाहणारा मंत्री फोर्स्टर घाबरला. हा मोर्चा आला तर यादवीच पेटेल. त्याने सांगितलं, ५० माणसं, तीही निःशस्त्र, आणि रक्षणाला सरकारी फौज.

मग नोव्हेंबरमध्ये जे घडलं त्याला तमाशाच म्हणावं लागेल. कॅव्हन आणि मोनाहन या जिल्ह्यांमधले ५० जण आगगाडीने क्लेअरमॉरिसला उतरले. तिथून भर पावसात बॅलिनरोबपर्यंत पायपीट, कारण कुणी गाडी द्यायला तयार नाही. सोबत सुमारे ९०० सैनिक, शिवाय पोलीस. लॉख मास्क हाउसच्या आवारात तंबू पडले. दोन आठवडे पाऊस, चिखल आणि वारा. त्यात ते ५० जण सलगम उपटतायत आणि भोवती घोडदळ पहारा देतंय! फादर ओ'मॅलीने गावकऱ्यांना सांगून ठेवलं होतं, कुणी फिरकू नका. लढायला आलेल्या फौजेला समोर कुणी दिसलंच नाही. सुमारे ५०० पौंडांचं पीक वाचवायला सरकारचे किमान १० हजार पौंड खर्च झाले. पार्नेलने हिशेब मांडला की उपटलेल्या एकेका सलगमाला एक शिलिंग पडला. फौज परत निघाली त्या दिवशीची एक गोष्ट सांगतात. रस्त्याकडेला एक म्हातारी उभी होती. फादर तिच्याजवळ जाऊन खोट्या रागाने म्हणाला, ब्रिटिश सैन्याला त्रास देऊ नकोस म्हणून तुला सांगितलं नव्हतं का?

२७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंबासह निघाला. त्याच्या गाडीवर बसायला गाडीवान मिळेना, म्हणून सैन्याच्या गाडीतून जावं लागलं. डब्लिनच्या हॉटेलमालकालाही धमकीचं पत्र आलं आणि १ डिसेंबरला तो इंग्लंडला गेला.

इथे टाळ्या वाजवून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला तसं करवत नाही. एक तर, हा लढा अहिंसक होता असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. बेलीफाला पिटाळल्यावर तीनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, जवळच्या क्लोनबर भागात लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराला गोळ्या घालून मारलं. १८८२ च्या जानेवारीत वसुलीला गेलेल्या दोघांचे मृतदेह लॉख मास्कमध्येच सापडले. बहिष्कार मोडला तर काय होऊ शकतं, हे लोहाराला आणि धोबिणीला नीट माहीत होतं. ते मनापासून सामील झाले की भीतीने, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू नये. दोन्ही असणार. गावाची एकी नावाची जी गोष्ट आहे, तिच्यात प्रेम आणि दहशत यांचं प्रमाण किती, हे गावात राहिलेल्या माणसाला विचारावं.

आणि दुसरं आपल्याला अधिक जवळचं आहे. मराठीत हे हत्यार नवं नव्हतं. वाळीत टाकणं, रोटीबेटी तोडणं, पाणी तोडणं, सगळे शब्द आपल्याकडे होतेच. बॉयकॉटच्या आधी सहा वर्षं, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने कर्जदार देशमुखाच्या घरावर हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारांवरच बहिष्कार घातला. शेत कसायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, धोब्याने कपडे घ्यायचे नाहीत. पुढच्या वर्षी सुप्याला दंगा झाला आणि दख्खनचे दंगे म्हणून तो इतिहासात गेला. कर्ड्याने नीलकडून काही घेतलं नव्हतं, नीलने कर्ड्याचं नाव ऐकलं नव्हतं. शेतकऱ्याच्या हातातलं हत्यार दोन्हीकडे एकच होतं, एवढंच. नीलचा शब्द मात्र पुढे खरोखरच आपल्याकडे आला. १९०५ च्या वंगभंगाच्या चळवळीत 'बॉयकॉट' हा शब्द सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून घुमू लागला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत तो 'बहिष्कार' म्हणून बसला.

पण तोच 'बहिष्कार' शब्द १९२७ च्या एप्रिलमध्ये वेगळ्या ठिकाणी दिसतो. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. दलितांनी हक्क मागितला की गाव काय करतं? मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. अगदी नीलच्या लोकांनी केलं तेच, फक्त हत्याराचं तोंड वरच्या दिशेला नव्हे, खालच्या दिशेला. गोलमेज परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी संरक्षणं मागितली, त्यांत असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातली कलमं त्यांनी आधाराला घेतली होती. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली. कोकणातल्या गावकीच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. कॅप्टनला वाळीत टाकलं तर त्याच्यासाठी ९०० सैनिक आले आणि 'टाइम्स'ने पत्र छापलं. वाळीत टाकलेल्या भूमिहीनासाठी काय येतं, हा प्रश्न नीलमधून परतताना आमच्या मनात होता आणि तो बाजूला सारून ही गोष्ट सांगणं आम्हाला जमलं नाही.

पुढचं थोडक्यात. १८८१ साली ग्लॅडस्टनच्या सरकारने कायदा करून लँड लीगच्या तिन्ही मागण्या बऱ्याच अंशी मान्य केल्या. बॉयकॉट त्याच वर्षी अमेरिकेला जाऊन आला. प्रवासात त्याने नाव सांगितलं होतं चार्ल्स कनिंगहॅम. आडनाव लपवायची पाळी आली होती, कारण ते आता त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं. तो लॉख मास्कला परतलासुद्धा, आणि हळूहळू लोक त्याच्याशी बरे वागू लागले. सरकारकडे त्याने नुकसानभरपाई मागितली, ती मिळाली नाही. १८८६ मध्ये तो सफोकमधल्या फ्लिक्स्टनला दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी झाला आणि १८९७ च्या जूनमध्ये तिथेच वारला. सुट्टीला मात्र तो आयर्लंडलाच जायचा. हे आम्हाला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.

आणि कुळं? १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जातून, हप्त्याहप्त्याने, जमिनी विकत घ्यायची सोय झाली आणि मेयोतले शेतकरी मालक होऊ लागले. पण १८८१ मध्ये जिल्ह्यात सुमारे २ लाख ४५ हजार माणसं होती, ती १९११ मध्ये १ लाख ९२ हजार उरली. जमीन थोडी आणि दगडाळ, तिचे तुकडे करून भागणार नव्हतं. ती एका मुलाच्या नावावर व्हायची. बाकीची भावंडं क्लेअरमॉरिसला, जिथे ते ५० जण उतरले होते त्याच स्टेशनवर, उलट्या दिशेची गाडी धरायला जायची.